माथेरानची उशिराची न्याहारी

श्रोतेहो, रविवारची सकाळ आहे असे समजा. साडेदहा वाजले आहेत. आपण पहाटेच्या लोकलने नेरळला उतरलात, तेथून छोट्या गाडीने म्हणा, पायवाटेने म्हणा, घाट चढून माथेरानच्या बाजारपेठेत येऊन उभे राहिलात. तांबड्या मातीने बूट माखले आहेत, अंगात चढणीची ऊब आहे, आणि पोटात कावळे नुसते ओरडत नाहीत, तर त्यांनी सभा भरवली आहे. आता प्रश्न असा की, हे जे काही आपण खाणार आहोत, त्याला म्हणायचे तरी काय? न्याहारीची वेळ टळून गेली, जेवणाला अवकाश आहे. मुलगा म्हणतो, “बाबा, याला ब्रंच म्हणतात.” आजी म्हणते, “काही म्हणा रे, पण आधी काहीतरी खायला सांगा!”

आज मला सांगावयाचे आहे ते या अवेळीच्या खाण्याविषयी. ते माथेरानात आले कोठून, ते घ्यावयाचे कोठे, आणि ते आपल्या ताटात येईपर्यंत कोणाकोणाच्या डोक्यावरून चढून येते, या तीन गोष्टी. पहिली गोष्ट इतिहासाची आहे, दुसरी सोयीची, आणि तिसरी, माझ्या मते, सर्वांत महत्त्वाची.

प्रथम शब्दाचे पाहू. ब्रेकफास्ट आणि लंच या दोन शब्दांची मोडतोड करून ब्रंच हा शब्द इंग्लंडात तयार झाला. गाय बेरिंजर नावाच्या लेखकाने १८९५ मध्ये एका शिकारविषयक साप्ताहिकात या खाण्याची तरफदारी केली. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, शनिवारी रात्री जो उशिरापर्यंत जागला, त्याला रविवारी सकाळी लवकर उठवून मग दुपारी जड जेवण घालणे हा जुलूम आहे. त्यापेक्षा त्याला उशिरा उठू द्या, चहाकॉफीपासून सुरुवात करू द्या, आणि हळूहळू भरपेट खाण्याकडे जाऊ द्या. म्हणजे शब्दाचा जन्म आळसाच्या पोटी झाला. माथेरानातली गोष्ट नेमकी उलटी आहे. येथे हे उशिराचे खाणे आळसातून नव्हे, तर पायपिटीतून जन्मले. आणि शब्दाच्या आधी चांगली चाळीस वर्षे जन्मले.

ते कसे, हे समजण्यासाठी आपल्याला १८५० सालात जावे लागेल. त्या वर्षीच्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट यांचा मुक्काम चौक या गावी होता. समोर सपाट माथ्याचा, दाट झाडीचा डोंगर. एका संध्याकाळी ते सहज थोडे वर चढून गेले, हवा आवडली, आणि दुसऱ्या दिवशी आज ज्याला आपण वन ट्री हिल म्हणतो त्या बाजूच्या ओढ्यातून थेट माथ्यावर पोहोचले. रामबागेच्या वाटेने ते खाली उतरले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ते पुन्हा आले, आणि पुढे त्यांनी येथे घर बांधले. त्या घराचे ‘बाइक’ हे नाव आजही एका हॉटेलाच्या रूपाने माथेरानात नांदते आहे. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. पुढे कर्जत तालुका कुलाब्यात आला, आणि १९८१ पासून कुलाब्याचे नाव रायगड झाले.

पुस्तकांत लिहितात की मॅलेटने माथेरानचा शोध लावला. यावर माथेरानच्या पायथ्याचा ठाकूर मनात हसत असेल. कारण शोध लागण्यापूर्वीही डोंगर होताच, आणि डोंगरावर माणसेही होती. धनगरांची म्हसरे या रानात चरत होती, ठाकूर आणि कातकरी लाकूडफाटा, मध, कंदमुळे यांसाठी येथल्या प्रत्येक घळीतून वावरत होते. माथेरान या नावाचा अर्थ माथ्यावरचे रान असा करतात, तर कोणी मातेचे रान असाही करतात. पण अर्थ कोणताही घ्या, नाव मराठी आहे; म्हणजे नाव ठेवणारा मॅलेटच्या आधी येथे येऊन गेला होता हे उघड आहे.

असो. मॅलेटच्या मागोमाग गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन आले. १८५३ ते १८६० या त्यांच्या कारकिर्दीत येथे वाटा आखल्या गेल्या आणि बंगले उठू लागले. १८५६ मध्ये आगगाडी खोपोलीपर्यंत पोहोचली, आणि तिच्या वाटेवरचे नेरळ हे माथेरानचे दार झाले. मुंबईहून साहेब नेरळला उतरे, आणि तेथून तट्टावर, पालखीत किंवा चार माणसांच्या खांद्यावरच्या खुर्चीत बसून सातएक मैलांचा घाट चढे.

आता या साहेबलोकांचा दिनक्रम पाहा. हिंदुस्थानातल्या इंग्रजांत पहाटे उठल्यावर ‘छोटी हाजरी’ घेण्याची चाल होती. एक पेला चहा, एखादा पावाचा भाजलेला तुकडा, फार तर एक केळे. एवढे पोटात टाकून ऊन चढण्यापूर्वी फिरायला बाहेर पडावयाचे. माथेरानात फिरणे म्हणजे एकेक टोक गाठणे. पॅनोरमा पॉइंटला सूर्योदय, गार्बट पॉइंटला दरी, लुइझा पॉइंटला प्रबळगडाचे दर्शन. ही टोके काही बंगल्याच्या अंगणात नव्हती; कोसदीड कोस जाणे आणि तितकेच येणे. परत येईतो नऊ-दहा वाजत. मग व्हरांड्यात टेबल मांडले जाई, आणि खरी ‘हाजरी’ सुरू होई. अंडी, पाव, लोणी, मुरंबा, मटणाचा एखादा प्रकार, आणि आपल्या खिचडीचेच विलायतेला जाऊन आलेले भावंड, केजरी. ही हाजरी एवढी भरगच्च असे की, त्यानंतरचे दुपारचे टिफिन हलके असले तरी चाले. बेरिंजरने १८९५ मध्ये जे मागितले, ते माथेरानच्या व्हरांड्यात त्यापूर्वीच रोज वाढले जात होते. फक्त त्याला नाव नव्हते.

आणि व्हरांडा म्हणजे काय, तेही सांगितले पाहिजे. माथेरानचे जुने बंगले पाहा. खोल्या त्या मानाने साध्या. पण व्हरांडा मात्र ऐसपैस, उंच खांबांचा, तीन बाजूंनी रानात उघडणारा. घराचे सगळे जगणे तेथेच. एका जुन्या बंगल्याचे हॉटेल झाले तेव्हा त्याला नावच मुळी ‘रानातला व्हरांडा’ अशा अर्थाचे इंग्रजीत दिले गेले. उशिराच्या न्याहारीची ही पहिली जागा. जाळीदार सावली, पानांतून हलणारे ऊन, आणि टेबलावरच्या पावाकडे टक लावून बसलेले माकड. या तिसऱ्या पाहुण्यापासून सावध राहावे. तो मॅलेटच्या पूर्वीपासूनचा रहिवासी आहे, आणि आपला हक्क सोडायला तो तयार नाही.

इंग्रजांच्या पाठोपाठ मुंबईचे धनिक आले. पारशी, बोहरी, खोजे, भाटिये, गुजराती. त्यांनी बंगले घेतले, बांधले, धर्मशाळा उभारल्या, वाचनालय काढले. करसनदास मूळजी या समाजसुधारकाच्या नावाचे येथले वाचनालय १८९७ मधले आहे. या मंडळींबरोबर त्यांची चूल आली, आणि माथेरानच्या न्याहारीचा चेहरा पालटला. पारशी माणूस म्हणजे अंड्याचा भक्त. कांदा, टोमॅटो, हिरवी मिरची आणि कोथिंबीर घालून मऊसर हलवलेली अकुरी, बटाट्याच्या सळ्यांवर फोडलेली अंडी, खारी बिस्किटे, पुदिना आणि गवती चहा घातलेला दुधाळ चहा, हे सारे टेबलावर येऊन बसले. आणि रविवार म्हटला की दुपारी धनसाक ठरलेलेच. दरीच्या काठावरचे लॉर्ड्स सेंट्रल हे पारशी कुटुंबाने चालवलेले हॉटेल अशा खाण्यासाठी वर्षानुवर्षे नावाजलेले. पुढे गुजराती आणि जैन प्रवाशांची संख्या वाढली तशी शाकाहारी भोजनगृहे आली, आणि अकुरीच्या शेजारी ठेपला, फाफडा आणि गोड अथाणे येऊन बसले. माथेरानातल्या पुष्कळ हॉटेलांत खोलीच्या भाड्यातच दोन्ही वेळचे जेवण आणि न्याहारी धरण्याची रीत आहे. तिचेही कारण साधे आहे. डोंगरावर सगळा जिन्नस खालून आणावा लागतो. किती माणसे जेवणार हे आदल्या दिवशी ठाऊक असले, तरच आचाऱ्याचा हिशेब जमतो.

येथे छोट्या गाडीची गोष्ट आलीच पाहिजे. मुंबईचे बोहरी उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने ती बांधली. सांगतात की, आदमजींना एकदा नेरळहून वर जाण्यासाठी वाहनच मिळाले नाही, तेव्हाच त्यांनी येथे गाडी आणण्याचा निश्चय केला. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी काम अंगावर घेतले. १९०४ मध्ये सुरुवात झाली, आणि २२ मार्च १९०७ रोजी गाडी सुरू झाली. सोळा लाख रुपये खर्च आला. दोन फुटांच्या रुळांवरून, वळणामागून वळण घेत, एकच बोगदा ओलांडून ही गाडी सुमारे एकवीस किलोमीटर चालते आणि समुद्रसपाटीपासून आठशे मीटर उंचीवर आपल्याला आणून सोडते. पण वेगाचे म्हणाल, तर तिला घाई नाही. अडीच तास लागायचे म्हणजे लागायचे. सकाळी नेरळहून निघालेला प्रवासी माथेरानला पोहोचतो तो साधारण दहा-अकराला. त्याची न्याहारी चुकलेली असते, आणि जेवण शिजलेले नसते. म्हणजे साहेबांच्या फेरफटक्याने जी वेळ ठरवली होती, तीच आता आगगाडीने पक्की केली. पूर्वी ती बंगलेवाल्यांची वेळ होती. गाडीने ती कारकुनाची, शिक्षकाची, दुकानदाराची केली.

मात्र कारकुनाला आणि कामगाराला माथेरानला येण्यासाठी केवळ गाडी पुरेशी नव्हती. त्याला सुट्टी हवी होती. आणि ही सुट्टी आपोआप मिळालेली नाही, हे रविवारी सकाळी निवांत चहा घेताना आपण विसरतो. सरकारी कचेऱ्यांना रविवार होता, तो राज्यकर्त्यांच्या धर्मामुळे. पण गिरणीतल्या माणसाला तो नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे या महात्मा फुल्यांच्या सहकाऱ्याने, ‘दीनबंधू’च्या संपादकाने, गिरणी कामगारांना एकत्र केले. १८८४ मध्ये साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन गेले. त्यात आठवड्याची सुट्टी ही पहिल्या मागण्यांपैकी एक होती. रविवार हा आमच्या खंडोबाचा वार आहे, तो आम्हांला मोकळा मिळाला पाहिजे, असा लोखंड्यांचा मुद्दा होता, असे सांगितले जाते. अखेर १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी फॅक्टरी कायद्यात आठवड्याच्या सुट्टीची तरतूद झाली.

आता या तारखा एका ओळीत मांडा. १८९० मध्ये मुंबईचा कामगार झगडून रविवार मिळवतो. १८९५ मध्ये इंग्रज लेखक रविवारच्या खाण्याला नाव देतो. १९०७ मध्ये गाडी माथेरानला चढते. आपली रविवारची उशिराची न्याहारी या तिन्हींच्या मिळून पोटी जन्मली आहे. त्यांतला पहिला हक्क लोखंड्यांचा. पण माथेरानातल्या एकाही खाद्यपदार्थाच्या पाटीवर त्यांचे नाव मी वाचलेले नाही.

दुसरे एक नाव मात्र माथेरानात घ्यावेच लागते. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजेच वीर भाई कोतवाल. १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानातच एका न्हाव्याच्या घरी जन्मले. साहेबांच्या आणि शेठजींच्या दाढ्या करून पोट भरणाऱ्या घरातला हा मुलगा वकील झाला आणि माथेरान नगरपालिकेचा उपाध्यक्ष झाला. पण त्यांचे लक्ष होते डोंगराच्या पायथ्याशी. तेथला शेतकरी पावसाळ्यात सावकाराकडून धान्य उचली आणि सुगीत दीडपट-दुप्पट फेडी. कोतवालांनी धान्यकोठी काढली. गरजेच्या वेळी शेतकऱ्याला तेथून धान्य मिळावे, आणि पीक आल्यावर त्याने ते परत भरावे, अशी ती योजना. खेडोपाडी शाळाही काढल्या. १९४२ मध्ये त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे जाणाऱ्या विजेचे मनोरे पाडले. आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटलांसह ते हुतात्मा झाले. वर व्हरांड्यात हाजरीची ताटे मांडली जात होती, आणि खाली दुसऱ्या वेळच्या भाकरीची भ्रांत होती. हे दोन्ही एकाच डोंगरावर, एकाच सकाळी. ज्याने हे दोन्ही पाहिले त्याने धान्यकोठी काढली, यात नवल नाही.

आणि खरे सांगू का? दहा वाजताचे भरपेट खाणे ही साहेबाचीही कल्पना नव्हे. रायगडच्या कोणत्याही शेतावर जा. शेतकरी पहाटे बिनदुधाच्या चहावर किंवा पेजेवर घराबाहेर पडतो. नांगराचे दोन-तीन तास झाले, ऊन तापू लागले, की घरची माणसे डोक्यावर टोपली घेऊन बांधावर येतात. तांदळाची भाकरी, सुकटीची किंवा जवळ्याची चटणी, हाताने फोडलेला कांदा. हीच आमची न्याहारी. ती उठल्याबरोबर घ्यावयाची नसते. काम करून मिळवायची असते. वरच्या ठाकरांच्या पाड्यात तांदळाऐवजी नाचणी किंवा वरई असेल, एवढाच फरक.

या टोपलीत एक गंमत आहे. तिच्यात डोंगर आणि समुद्र एकत्र नांदतात. सुकट आणि बोंबील येतात अलिबाग-उरणच्या किनाऱ्यावरून, मीठ येते पेण-उरणच्या आगरांतून, पांढरा कांदा अलिबागचा, आणि माथेरानच्या टपरीवर जे कांदेपोहे आपण मिटक्या मारीत खातो, ते पोहे पेणच्या गिरणीतले असण्याचा संभव पुष्कळ. आकाश निवळ असले तर माथेरानच्या पश्चिमेच्या टोकांवरून पनवेलच्या खाडीकडचे पाणी चकाकताना दिसते. म्हणजे ज्या मुलुखाचे मीठ आपण खातो आहोत, तो मुलूख समोर दिसत असतो.

आता सोयीची गोष्ट. ही न्याहारी घ्यावी कोठे? मी मोठमोठ्या हॉटेलांची यादी देणार नाही. ती सहज मिळते. मी वाट सांगतो.

पायी येणार असाल, तर वाटेत पोटभर खाऊ नका. चढण सोसणार नाही. कर्जतच्या बाजूने येणारे कर्जत स्टेशनावर बटाटेवडा खातातच. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना घाटासाठी मागे जादा इंजिने जोडतात, त्यासाठी गाडी तेथे थांबे, आणि त्या थांब्यावर हा वडा नावारूपाला आला. आपण एक खावा, दोन नकोत. वर आल्यावर बाजारपेठेत मिसळ, पोहे, ऑम्लेट-पाव, वडापाव, सारे ताजे मिळते. सकाळच्या पहिल्या घाण्याचे घ्यावे. ज्यांना टेबल, खुर्ची आणि निवांतपणा हवा, त्यांनी जुन्या बंगल्यांतल्या हॉटेलांपैकी एखाद्याच्या व्हरांड्यात बसावे. मात्र बाहेरच्या पाहुण्याला वाढतात की नाही, हे आधी विचारावे. कारण मघाशी सांगितलेला आचाऱ्याचा हिशेब. आणि ज्यांना दरीच हवी, त्यांनी एखाद्या पॉइंटवरची टपरी गाठावी. तेथे चहा, भाजलेले कणीस, लिंबूसरबत, आणि अलीकडे दोन मिनिटांत होणाऱ्या शेवयाही मिळतात. चहा जरा गोड असतो, पण समोर प्रबळगड असताना साखरेची तक्रार करू नये.

एप्रिल-मे महिन्यांत मात्र माझे ऐकाल, तर न्याहारीचा शेवट झाडाखाली बसलेल्या बायांकडे करा. करवंदे, जांभळे, रायवळ आंबे. पानांच्या द्रोणातली ती करवंदे म्हणजे माथेरानचे खरे मिष्टान्न. पहिल्या पावसानंतर त्याच टोपल्यांत शेवळे आणि टाकळा दिसतो. तो आपल्या घरच्या स्वयंपाकासाठी न्यावा. हिवाळ्यात आलात, तर परतताना पायथ्याच्या एखाद्या गावी ओळख काढून पोपटी खावी. मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्याच्या थरांत वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी भरून ते मडके शेकोटीत भाजतात. ही रात्रीची चीज आहे. पण माणूस दुसऱ्या दिवशीच्या न्याहारीपर्यंत तिचीच आठवण काढतो.

आता तिसरी गोष्ट. माथेरानात मोटार नाही. रुग्णवाहिकेचा अपवाद सोडला, तर दस्तुरी नाक्याच्या पुढे इंजिनाची गाडी येत नाही. २००३ मध्ये केंद्र सरकारने हा सारा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, त्यामुळे ती बंदी अधिकच घट्ट झाली. हे चांगलेच झाले. शांतता उरली, झाडे उरली. पण या शांततेला एक वजन आहे, आणि ते कोणीतरी उचलत असते. गॅसची टाकी, पिठाचे पोते, बटाटे, दूध, अंड्यांचे खोके, बर्फ. सारे दस्तुरीपासून बाजारापर्यंत दोन-तीन किलोमीटर घोड्याच्या पाठीवरून, हातगाडीवरून किंवा माणसाच्या डोक्यावरून येते. जुलै २००५ च्या महापुराने छोट्या गाडीचा मार्ग उखडला, तो २००७ मध्ये पुन्हा सुरू झाला. २०१९ च्या पावसात तो पुन्हा वाहून गेला, आणि २०२२ च्या ऑक्टोबरपर्यंत नेरळची गाडी वर आली नाही. त्या काळातही हॉटेलांतला चहा थांबला नव्हता. याचा अर्थ काय, तो आपण करावा.

आणि माणसे माणसांना ओढीत होती. हातरिक्षा ही साहेबी काळाची खूण येथे एकविसाव्या शतकातही चालू राहिली. २०२२ च्या डिसेंबरात विजेवरच्या रिक्षांचा प्रयोग सुरू झाला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांच्या आत बंद करण्याचा व ती ओढणाऱ्यांना विजेच्या रिक्षा देण्याचा आदेश दिला. स्वतंत्र देशात माणसाने माणसाला ओढावे हे शोभत नाही, ही साधी गोष्ट कायद्याच्या तोंडून यायला पंच्याहत्तरांहून अधिक वर्षे लागली.

मला एक प्रसंग आठवतो. मी असाच एका रविवारी बाजाराच्या टोकाला उभा होतो. एक ठाकरीण जमिनीवर टोपली मांडून बसली होती. वय साठीचे असावे. मी करवंदे घेतली आणि सहज विचारले, “मावशी, न्याहारी झाली का?”

ती म्हणाली, “झाली की. खालीच केली, अंधारात. वर आल्यावर कोन देतो?”

“आणि आता?”

“आता टोपली खपली की घरी. उन्हाच्या आत उतराया होवं.”

“रविवारी तरी सुट्टी घ्यावी.”

यावर ती मनापासून हसली. म्हणाली, “अवो दादा, रविवारीच तर तुमी येता!”

श्रोतेहो, त्या उत्तराने मी थोडा ओशाळलो. लोखंड्यांनी मिळवलेला रविवार मुंबईहून निघून नेरळपर्यंत आला, गाडीत बसून माथेरानलाही आला. पण तो माझ्यापुरता आला. घोडेवाल्याचा, हमालाचा, आचाऱ्याचा, या मावशीचा सर्वांत कष्टाचा वार हाच. आम्ही विसावा घेतो तो त्यांच्या श्रमांवर. यात पाप नाही. त्यांचे पोटही याच रविवारावर आहे, आणि आम्ही न गेलो तर त्यांची चूल विझेल. पण निदान हे ठाऊक असावे. द्रोणाला दोन रुपये कमी करा म्हणून हुज्जत घालताना, घोड्याच्या दरावरून आवाज चढवताना, प्लॅस्टिकची बाटली दरीत भिरकावताना, ती पाण्याची बाटलीसुद्धा कोणीतरी वर आणली होती, हे आठवावे. ताटात टाकून दिलेला पाव खाली फेकला जातो, पण तो वर चढून आलेला असतो.

मावशीची टोपली तासाभरात रिकामी झाली. तिने समोरच्या दुकानातून चहापावडरीची पुडी घेतली, कमरेला खोचली, रिकामी टोपली डोक्यावर उपडी घातली, आणि ती वाटेला लागली. घड्याळात साडेअकरा वाजले होते. हॉटेलांच्या व्हरांड्यांत तेव्हा कोठे न्याहारीची टेबले मांडली जात होती.